अडुळशाचा आडोसा

शोभाबाईंच्या अंगणात बंगई टांगलेली होती आणि शोभाबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होत्या. बंगई म्हणजे झोपाळाच, पण साधासुधा नव्हे. सागवानी पाट, पितळी कड्या, पाठ टेकायला कोरीव कठडा. आईवडील नंदुरबारचं बिऱ्हाड आवरून रनाळ्याला राहायला गेले, तेव्हा सुरतेच्या भरतने, म्हणजे मुलाने, ती मोठ्या हौसेने टेम्पोत घालून पाठवली होती. फोनवर म्हणाला होता, "माय, जनमभर राबनी तू. आते पाय वर लिसन बठ." माय अजून बसली नव्हती. बंगईवर बसत होतं ते शेजारचं मांजर, तेही दुपारचं.

अडचण एकच होती, आणि ती समोरच्या ओट्यावर खाट टाकून बसलेली असायची. शोभाबाईंचे यजमान नवनीतराव यांचे थोरले भाऊ बन्सीलाल, अख्ख्या गावाचे आप्पा. त्यांचं जुनं घर आणि हे नवं घर समोरासमोर, मध्ये सामाईक अंगण, आणि आप्पांचं तोंड थेट बंगईकडे. आता जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, भावजयीने उंच बसायचं नसतं. डोक्यावरून पदर घ्यायचा, बसायचं तर जमिनीवर, आणि बोलायचं तर नाहीच. काही सांगायचं असेल तर तिसऱ्याच्या तोंडून. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, शोभाबाई आणि आप्पा एकमेकांशी एक शब्द थेट बोललेले नव्हते, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटलेलं नव्हतं. निरोपांची ने-आण जेठानी, म्हणजे आप्पांच्या पत्नी तुळशीबाई करायच्या, आणि अशी चोख करायच्या की निरोपातला राग वाटेतच गळून जायचा. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या. तेव्हापासून हे खातं नवनीतरावांकडे आलं. नवनीतराव वीज खात्यातून निवृत्त झालेला सज्जन माणूस. पण तोंडात कायम सुपारी, त्यामुळे निम्मा निरोप गालातच राहायचा.

नंदुरबारला शोभाबाई इतकी वर्षं खुर्चीवर बसल्या होत्या. बसल्या जागेवरून नवऱ्याला हाका मारल्या होत्या. साठी जवळ आल्यावर त्या पुन्हा नव्या सुनेसारख्या पदर सावरत भिंतीच्या कडेने चालायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना याचा कंटाळा आला होता. आप्पांचा राग नव्हता. आप्पा देवमाणूस. फक्त ते तिथे होते.

आणि त्यांना खोकला होता. शोभाबाई झाडू घेऊन अंगणात आल्या की समोरून "खॉक, खॉक" सुरू. कपडे वाळत घालायला आल्या की पुन्हा तेच. त्यांना वाटलं, धुळीचा त्रास होत असेल. मग त्या आधी पाणी शिंपडून झाडू लागल्या. खोकला हटला नाही. आत गेल्या की मात्र आप्पा चिडीचूप. शोभाबाईंना काळजी वाटू लागली. बाई गेल्यावर माणसाच्या जिवाकडे बघणारं कोणी राहत नाही, आणि खोकला अंगावर काढणं बरं नव्हे.

"मधमा भित बांधी टाकूत," नवनीतराव एकदा म्हणाले. "तू खुशाल बंगईवर बठ."

शोभाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "भित? गाव काय म्हनी? तुळशीबाई गयी नै तं भाऊभाऊमा भित उनी, आनी ती शोभानी बांधी. आप्पाले काय वाटी?"

ते खरंच होतं. दोन भावांच्या अंगणात भिंत उभी राहिली म्हणजे गावाने वाटण्या झाल्या असं समजायचं, आणि आप्पांनी मान खाली घालायची. एका झोपाळ्यासाठी एवढ्या मोठ्या माणसाचं मन मोडायचं, हे शोभाबाईंना जमणार नव्हतं. पण झोपाळाही सोडवत नव्हता. दोन्ही साधायचं तर उपाय एकच: झाडांचा आडोसा. दिसायला बाग, कामाला पडदा. कोणी विचारलं तर म्हणायचं, बाईला झाडांची हौस आहे.

झाड कोणतं, यावर मात्र त्या घरात जेवढा खल झाला तेवढा भरतसाठी मुलगी बघतानाही झाला नव्हता. पहिलं नाव मेंदीचं निघालं. शेजारच्या सुंदरबाई म्हणाल्या, "लाव ना वं, मन्ही नातनं लगीन शे." शोभाबाईंनी तिथल्या तिथे मेंदीवर फुली मारली. गावातल्या पोरी पाला ओरबाडायला येणार आणि आडोशाची चाळण होणार. जास्वंद म्हणजे आप्पांच्या बकऱ्यांना मेजवानी. कण्हेर बकऱ्या खाणार नाहीत, पण चुकून एखादीने तोंड घातलंच तर तिचा जीव जायचा आणि बोल इकडे यायचा. बोगनवेल दिसायला छान, पण काटे. जेठासमोर पदर काट्यात अडकून उभं राहायचं, या नुसत्या कल्पनेने शोभाबाईंनी कपाळाला हात लावला. बांबूचा सगळा पाचोळा आप्पांच्या ओट्यावर. एरंड भराभर वाढतो, पण खालून उघडा राहतो, आणि बंगई तर खालीच होती. निवडुंग नवनीतरावांनी सुचवला. तो शेताच्या बांधाला लावतात. भावाच्या दारासमोर तो लावण्यापेक्षा भिंत बरी, असं शोभाबाई म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला.

शेवटी दमून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "नंदुरबारले जाई ऱ्हायनात ना, तं नर्सरीवालालेच इचारा, आडोसा करता काय चांगलं ऱ्हाई. बकरी खावाले नको, काटा नको, खालथून वरपावत भरेल पाहिजे. समजनं का?"

"समजनं," नवनीतराव म्हणाले, आणि सुपारी तोंडात टाकून निघाले.

संध्याकाळी टेम्पो दारात थांबला. त्यातून काळ्या पिशव्यांतली हिरवीगार, लांबट पानांची रोपं उतरू लागली. शोभाबाईंनी एक पान चुरगाळून नाकाला लावलं आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

"हाई काय आनं?"

"तूच सांगं व्हतं ना. अडुळसा."

"मी आडोसा सांगं व्हतं."

नवनीतरावांनी सुपारी गालात सरकवली. मग त्यांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. नर्सरीत कुंदन नावाचा गडबड्या माणूस होता. एका कानाला फोन, दुसरीकडे मजुरांवर ओरडणं. नवनीतरावांनी सुपारी चघळतच त्याला सांगितलं, आडोसा पाहिजे, अंगणभर, आणि त्याला ऐकू आला अडुळसा. त्याने एकदा विचारलं, "किती, अंगणभर?" हे म्हणाले, "हो, अंगणभर." कुंदनला अडुळशाचं इतकं मोठं गिऱ्हाईक आजवर भेटलं नसावं. त्याने आदराने विचारलं, "वैद्य शेत का तुम्ही?" नवनीतरावांनी त्यालाही मान डोलावली, कारण सुपारी थुंकायला जागा नव्हती.

शोभाबाई रागाने आत निघाल्या, आणि उंबऱ्यात थबकल्या. समोरून आप्पांचा खोकला आला होता, खॉक, खॉक. त्यांनी वळून रोपांकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. अडुळशाला बकरी तोंड लावत नाही. त्याला काटा नाही. बुडापासून शेंड्यापर्यंत पानं. आणि अडुळसा खोकल्याचं औषध. नवऱ्याच्या तोंडातल्या सुपारीने एकाच वेळी आडोसाही आणला होता आणि निमित्तही.

"जा," त्या पदराआडून म्हणाल्या, "आप्पाले सांगा, तुम्हना खोकला करता अडुळसा लाई ऱ्हायनूत."

निरोप गेला.  आप्पा खाटेवरून उठले, कुदळ घेतली आणि स्वतःच चर खणायला लागले, थेट दोन घरांच्या मधोमध, बंगईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या तत्परतेने स्वतःच्या औषधाची लागवड करणारा रोगी शोभाबाईंनी पाहिला नव्हता. त्यांना मनातून फार बरं वाटलं. माणूस जगायचं ठरवतो आहे, असं त्यांच्या मनात आलं.

पावसाळाभर रोपं वाढली. आप्पा सकाळी त्यांच्या बाजूने आळी करायचे, दुपारी आप्पा झोपले की शोभाबाई इकडून शेंडे खुडायच्या, म्हणजे झाड फुटतं. वेळा वेगळ्या, त्यामुळे कोणी कोणाला दिसायचं नाही, आणि पाहिलं नाही म्हणजे पदराचा प्रश्न नाही. दसऱ्याला अडुळसा छातीपर्यंत आला. दिवाळीला बंगई पूर्ण झाकली गेली.

त्या संध्याकाळी शोभाबाई बाहेर आल्या. आधी नुसत्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मग बसल्या. मग पाय वर घेतले. पदर खांद्यावर पडला तो पडू दिला. वारा मानेला लागला. पितळी कड्या किंचित किरकिरल्या आणि शोभाबाईंना एकदम भरून आलं. चाळीस वर्षांत रनाळ्याच्या या अंगणात त्या उघड्या डोक्याने कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी हळूच एक झोका घेतला, आणि आत जाऊन नवऱ्याला एक जास्तीचा लाडू दिला.

त्या दिवसापासून आप्पांच्या काढ्याला सुरुवात झाली. निमित्त काढलं होतं, ते निभवायला नको का? अडुळशाची पानं, आलं, गूळ, सगळं आटवून शोभाबाई रोज सकाळी पेला भरून द्यायच्या आणि नवनीतराव तो पलीकडे पोचवायचे. आणि काय गुण आला म्हणता. आठवड्यात खोकला निम्म्यावर. पंधरवड्यात बंद. आप्पा दिवस दिवस ओट्यावर बसून राहायचे आणि साधं खाकरायचेही नाहीत.

"आप्पा म्हने," नवनीतराव रिकामा पेला ठेवत म्हणायचे, "मन्हा करता इतली तकलीप नको लेवू म्हना."

"भला मानूस शे," शोभाबाई म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आलं थोडं जास्त घालायच्या.

इथवर सगळं छान होतं. पण सुंदरबाईंना एक गोष्ट कळली म्हणजे ती रनाळ्याला कळायला दुपारही लागत नाही. आप्पांचा जुनाट खोकला शोभाच्या अडुळशाने खडखडीत बरा झाला, हे त्यांनी पाणी भरताना सांगितलं, गिरणीवर सांगितलं, दुधाच्या रांगेत सांगितलं. त्यातच मिरचीचे दिवस आले. शेतात, खळ्यात, गच्च्यांवर लाल मिरची वाळत पडली, आणि वारा सुटला की सगळं गाव एका सुरात खोकायचं. मग काय, बाया येऊ लागल्या. "शोभाबाई, चार पानं दे ना वं." कोणी पोराला पाठवलं, कोणी सासूला. कोणी न विचारताच येता-जाता मूठभर ओरबाडून नेली. मेंदी मागितली असती तर शोभाबाईंनी नाही म्हटलं असतं. औषधाला नाही कसं म्हणायचं?

हळूहळू आडोसा विरळ होऊ लागला. आधी खालून, मग मधून. शोभाबाईंना एका फटीतून आप्पांच्या खाटेचा पाय दिसला. दुसऱ्या दिवशी धोतर दिसलं. आणि त्याच दिवशी समोरून आवाज आला, खॉक, खॉक.

 इतक्या कष्टाने बरा केलेला खोकला उलटला. शोभाबाईंनी काढ्याची पानं दुप्पट केली. पानं आणायची कुठून? आडोशाचीच. आडोसा आणखी उघडा पडला, खोकला आणखी वाढला. त्यांनी सकाळ-संध्याकाळ दोन पेले सुरू केले. सुंदरबाई म्हणाल्या, "जुनाट दुखनं शे माय, आखो कडक कर." शोभाबाईंनी आणखी कडक केला. नवनीतराव पेला नेताना स्वतःच तोंड वाकडं करायचे. परत आल्यावर एकदा दबकत म्हणाले, "आप्पा म्हने, खरंच नको." शोभाबाईंनी पेला हिसकावून घेतला. "रोगीले इचारीसन कोनी औषध देस का?"

माघ संपता संपता अडुळशाच्या नुसत्या काड्या उभ्या राहिल्या, वर थोडा शेंडा आणि बाकी आरपार.

त्या संध्याकाळी शोभाबाई बंगईशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर आप्पांचा ओटा मोकळा होता, आप्पा आत असावेत. शोभाबाईंना मनापासून वाईट वाटलं. पुन्हा पाट, पुन्हा स्वयंपाकघर, पुन्हा मांजर. नवी रोपं लावली तरी पुढच्या दिवाळीपर्यंत वाट बघणं आलं. जाऊ दे, एकदा शेवटचं बसून घेऊ, असं म्हणून त्या बसल्या, पाय वर घेतले, डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा आप्पा ओट्यावर उभे होते.

मध्ये दहा-बारा काड्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा जेठाने भावजयीला उंच आसनावर, पाय वर, डोकं उघडं असं समोरासमोर पाहिलं होतं. शोभाबाईंचा हात पदराकडे गेला, पण पदर त्यांच्याच मांडीखाली अडकला होता. उठावं तर बंगई मागे सरकलेली, पाय जमिनीला पोचेना. त्यांना वाटलं, आता आप्पा खोकणार, आत जाणार, आणि ही गोष्ट उद्या नवनीतरावांच्या तोंडून अर्धीमुर्धी परत येणार.

आप्पा खोकले नाहीत. त्यांनी खाट उचलली, ओट्यावरच फिरवली आणि अंगणाकडे पाठ करून बसले. तोंड रस्त्याकडे.

"बठी ऱ्हाय, बाई," ते रस्त्याला म्हणाले.

 चाळीस वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि ते शोभाबाईंच्याच करता होतं.

"पोऱ्यानी बंगई बठाकरताच धाडी शे. मी रोज देखस, मांजर बठस तठे." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोक्यावरून हात फिरवला. "मी भी बंद व्हतू, बाई. तू आंगनमा उनी का मी टोपी घालू, सदरा घालू, ताठ बठू. अडुळसा लावा, मी म्हनं, बरं व्हयनं, आते दोन्ही मोकळा. म्हनीसन तं चर खंदा मी."

 शोभाबाईंच्या मनात जे सगळ्यात वर होतं तेच तोंडातून निघालं. "पन आप्पा, तुम्हना खोकला?"

चाळीस वर्षांत त्यांनी आप्पांशी बोललेलं पहिलं वाक्य हे असं होतं.

आप्पांची पाठ थोडा वेळ हलली. ते हसत होते. "माले खोकला नव्हताच कधी. तुन्ही जेठानी सांगी गयी व्हती, शोभा गावले ऱ्हावाले यी, तं तू आधी खाकरत जाय. अचानक पुढे नको उभा ऱ्हावू, तिले पदर सावराले टाइम भेटाले पाहिजे. तिनं सांगेल व्हतं, तं मी खाकरू. तू दिसनी का खाकरू."

शोभाबाईंच्या डोळ्यांसमोर अख्खं वर्ष सरकून गेलं. शिंपडलेलं पाणी, टेम्पो, आलं, गूळ, दोन दोन पेले. आडोसा होता तेव्हा त्या दिसत नव्हत्या म्हणून खोकला गेला, आडोसा गेला तेव्हा आला, आणि तो घालवायला त्यांनी आडोसाच उकळून पाजला.

"मंग तो काढा?"

"पिधा."

"सगळा?"

"तू धाडेल व्हता," आप्पा म्हणाले. "नवन्याजवळ सांगं मी, नको म्हना. तो काय सांगे, देव जाने."

शोभाबाई हसल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. इतक्या मोठ्याने हसल्या की नवनीतराव आतून सुपारी चघळत दारात आले, आणि बायको बंगईवर, भाऊ पाठमोरा, दोघं हसताहेत, हे पाहून तिथेच उभे राहिले. त्यांना वाटलं, आपल्या हातून कुठला तरी निरोप चुकला.

हसता हसता शोभाबाईंना तुळशीबाई आठवल्या. जाताना सुद्धा बाईने माझ्या पदराची व्यवस्था लावून ठेवली. डोळे पुसायला त्यांनी मांडीखालचा पदर ओढून काढला, डोळे पुसले, आणि तो पुन्हा खांद्यावर टाकला.

"ओ," त्यांनी बसल्या जागेवरून नवऱ्याला हाक मारली, जशी नंदुरबारला मारायच्या तशी. "आप्पाले चहा ठेवा. साखर टाकीसन. काढा आजपाईन बंद."

नवनीतराव आत गेले. मिरचीच्या खळ्यावरून वाऱ्याची एक झुळूक आली. आप्पांना ठसका लागला, चांगला जोरात. शोभाबाईंचा हात सवयीने डोक्याकडे गेला.

"हाऊ खरा शे," आप्पा मागे न बघता म्हणाले. "मिरचीना शे. तू बठी ऱ्हाय."

शोभाबाई बसून राहिल्या.